लांबचा एस.टी. प्रवास आणि आपला रुग्ण : रथक्षोभ, अत्यासन व वेगधारण

भोर आणि वेल्हे हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कुशीतील, डोंगरदऱ्यांचे. वेल्हे तालुक्याचे आता राजगड असे नामकरण झाले असले तरी रुग्णाच्या तोंडी 'वेल्हे' हेच नाव रुळलेले आहे. या भागात रेल्वे नाही. त्यामुळे मुंबईस मुलाकडे जाणे असो, पंढरपूर-तुळजापूरची वारी असो, अथवा पुण्यातील मोठ्या रुग्णालयात तपासणीस जाणे असो, बहुसंख्य लोकांच्या प्रवासाचा आरंभ बसनेच होतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून ग्रामीण महाराष्ट्राचा प्रवास आणि एस.टी. हे समीकरणच होऊन बसले. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. या दोन्ही सवलतींमुळे वृद्ध आणि स्त्रिया यांना लांबचा प्रवास आवाक्यात आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु प्रवासाचा त्रास सर्वाधिक होतो तोही याच दोन वर्गांना, हे वैद्याने ध्यानात घेतले पाहिजे.

रुग्णाची प्रश्नपरीक्षा करताना आपण आहार, निद्रा, मल, मूत्र, व्यसन यांची चौकशी कटाक्षाने करतो. 'गेल्या महिन्याभरात लांबचा प्रवास झाला का? येत्या आठवड्यात कोठे जाणार आहात का?' हे दोन प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत. या दोन प्रश्नांवाचून काही वेळा निदान चुकते आणि क्वचित प्रसंगी उपचारच अपायकारक ठरतो. ते कसे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रातील रथक्षोभ

चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील बाराव्या अध्यायात आठ महादोषकर भाव सांगितले आहेत. उच्च स्वरात बोलणे, रथक्षोभ, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्ण, अहितभोजन, दिवास्वाप आणि मैथुन हे ते आठ होत. यांपैकी रथक्षोभ म्हणजे वाहनाचे हादरे आणि अत्यासन म्हणजे दीर्घकाळ एकाच जागी बसून राहणे. बसच्या प्रवासात ही दोन्ही कारणे एकाच वेळी घडतात.

रथक्षोभाची लक्षणे वाचताना आजच्या प्रवाशाची तक्रारच वाचतो आहोत असे वाटते. सांधे ढिले पडल्यासारखे वाटणे, शिरःशूल, पोटात गुडगुड व आध्मान, कंबर-पाठ-नितंब यांची वेदना, मान व खांदे यांचे दौर्बल्य आणि पादशोफ ही त्यांतील प्रमुख लक्षणे. कटी, पृष्ठ, वंक्षण इत्यादी ठिकाणच्या वेदना अत्यासनानेही होतात, असे तेथेच सांगितले आहे. यावर चिकित्सा म्हणून स्नेहन, स्वेदन आदी वातहर उपक्रम आणि निदानपरिवर्जन यांचा उपदेश आहे. हा उपदेश योग्यच आहे. मात्र समोरचा विकार खरोखरच रथक्षोभजन्य वातविकार आहे, याची खात्री झाल्यावरच तो लागू करावयाचा आहे. पादशोफाच्या बाबतीत ही खात्री का महत्त्वाची, हे पुढे येईलच.

येथे प्रवासाची लांबी कशी मोजावी हेही सांगितले पाहिजे. केळद अथवा हिर्डोशी खोऱ्यातील रुग्ण 'पुणे-मुंबई चार तासांचा प्रवास' असे सांगतो. प्रत्यक्षात तो पहाटे गावातून निघालेला असतो. तालुक्याचे ठिकाण, चेलाडी अथवा कापूरहोळचा फाटा, स्वारगेट आणि पुढची गाडी असे तुकडे जोडून त्याचा प्रवास पूर्ण होतो. वैद्याने घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा काळ विचारावा.

वेगधारण

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले. लांबच्या प्रवासात त्यांपैकी मूत्र, पुरीष, अपानवायू, क्षुधा, तृष्णा आणि निद्रा हे वेग सर्रास अडविले जातात. स्वच्छतागृहाची सोय खात्रीची नसल्यामुळे अनेक स्त्रिया आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी पितात. म्हणजे मूत्रवेगाच्या भीतीने तृष्णावेगाचे धारण होते आणि तरीही मूत्रवेग आलाच तर तोही अडविला जातो. परिणामी बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र, शिरोरुजा ही लक्षणे दिसतात. आधुनिक दृष्टीने पाहता कमी पाणी आणि साचलेले मूत्र ही मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गास अनुकूल स्थिती होय. यात्रेहून परतलेल्या स्त्रीस दाह व वारंवार मूत्रप्रवृत्ती होत असेल, तर मूत्रतपासणी करून घ्यावी. थंडी वाजून ताप, कुशीत वेदना वा गर्भावस्था असेल तर विलंब न लावता पुढे पाठवावे.

पुरीषवेगाच्या धारणाने पक्वाशयशूल, शिरःशूल, आध्मान यांबरोबरच पिंडिकोद्वेष्टन, म्हणजे पोटऱ्यांत गोळे येणे, हे लक्षण सांगितले आहे. प्रवासानंतर पोटरी दुखते म्हणून येणाऱ्या रुग्णास मलप्रवृत्तीविषयी अवश्य विचारावे.

रुग्णास सांगावयाचे ते इतकेच. पाणी बंद करू नये, थोडे थोडे व वारंवार घ्यावे. गाडी जेथे थांबेल तेथे वेग असो वा नसो, उतरून मूत्रविसर्जन करावे. वेग असह्य झाल्यास वाहकास संकोच न करता सांगावे.

एका पायाची सूज : येथे तेल लावू नये

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. दीर्घकाळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पोटरीच्या स्नायूंची हालचाल थांबते. रक्त वर ढकलण्याचे काम हे स्नायूच करीत असल्याने खोल सिरांतील प्रवाह मंदावतो आणि काही व्यक्तींमध्ये तेथे रक्ताची गुठळी बनते. आधुनिक शास्त्र यास डीप व्हेन थ्रोम्बोसिस म्हणते. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर रुग्ण तत्काळ दगावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार चार तास वा त्याहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने या विकाराचा धोका सुमारे दुप्पट होतो. हा धोका विमानापुरता नसून बस, मोटार व रेल्वे यांनाही लागू आहे. निरोगी माणसास मुळात हा धोका अल्प असतो, त्यामुळे प्रवाशांना घाबरविण्याचे कारण नाही. परंतु पुढील व्यक्तींच्या बाबतीत वैद्याने दक्ष राहावे : अलीकडे शस्त्रक्रिया किंवा अस्थिभंग झालेले, पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे रुग्ण, गर्भिणी व सूतिका, अतिस्थूल आणि संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया. उंचीने फार लहान व्यक्तींचे पाय जमिनीस टेकत नाहीत व आसनाची कड मांडीखाली दाबते, म्हणून त्यांनाही धोका अधिक असतो.

असा रुग्ण प्रवासानंतर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी येतो. 'पायात गोळा आला आहे, चोळून द्या' अशी त्याची मागणी असते. प्रवासाचा प्रश्न न विचारल्यास आपण यास वातज शूल समजून अभ्यंग व नाडीस्वेद देण्याचा संभव असतो. शोथाचा खरा हेतू सिरेतील गुठळी असेल तर तेथे केलेले मर्दन ती गुठळी सोडविण्यास कारणीभूत होऊ शकते.

म्हणून पुढील भेद ध्यानात ठेवावा. प्रवासाची साधी सूज दोन्ही पायांस सारखी असते, वेदनारहित असते आणि रात्रभर पाय उंचावर ठेवून झोपल्यास सकाळपर्यंत बहुतांशी ओसरते. गुठळीची सूज बहुधा एकाच पायास असते. पोटरी दुखते, स्पर्शास उष्ण व घट्ट लागते, त्वचेचा वर्ण बदलतो. अशा वेळी मोजपट्टी घ्यावी. गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. तीन सेंटिमीटरहून अधिक फरक असल्यास तो महत्त्वाचा समजावा. मात्र फरक कमी आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. संशय असेल तर अभ्यंग, मर्दन, स्वेदन, पट्टबंधन यांपैकी काहीही न करता रुग्णास त्याच दिवशी डॉप्लर तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. एकाएकी श्वास लागणे, छातीत टोचणे, खोकल्यातून रक्त, भोवळ यांपैकी काही असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा रुग्णास पुन्हा एस.टी.त बसवून पुण्यास धाडू नये.

दोन्ही पायांची सूज तीन-चार दिवसांत न ओसरल्यास हृदय, वृक्क व यकृत यांचा विचार करावा. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांच्या पायांस त्या औषधानेही सूज येते, हेही लक्षात असावे.

प्रतिबंध मात्र अतिशय सुलभ आहे. दर तासाला बसल्या जागी घोटे वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवावेत, थांब्यावर उतरून चालावे, पायांपुढे बोचके ठेवून जागा अडवू नये, मद्य व झोपेची गोळी टाळावी. वर सांगितलेल्या अधिक धोक्याच्या व्यक्तींनी प्रवासापूर्वी आपल्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मागील बाक आणि वृद्धांचा कटिशूल

बसच्या मागील चाकांमागचा भाग सर्वाधिक उसळतो. गतिरोधकावर वा खड्ड्यात गाडी आदळली की शेवटच्या बाकावरील प्रवासी अक्षरशः उडून आपटतो. अस्थिक्षय असलेल्या वृद्ध स्त्रीच्या पाठीचा मणका एवढ्या आघाताने दबून मोडू शकतो. 'गाडीत दणका बसला आणि तेव्हापासून पाठीत कळ आहे' असा स्पष्ट इतिहास आणि मणक्यावर एका बिंदूत स्पर्शासहत्व असेल तर कटिबस्तीपूर्वी क्ष-किरण तपासणी करावी. वृद्ध, गर्भिणी आणि कटिशूलाचे रुग्ण यांनी दोन्ही चाकांच्या मधली आसने घ्यावीत.

पंचकर्माचा रुग्ण आणि परतीची गाडी

वर उल्लेखिलेले आठ महादोषकर भाव चरकांनी मुख्यतः शोधनानंतरच्या रुग्णासाठी वर्ज्य सांगितले आहेत. रुग्ण प्रकृतिस्थ होईपर्यंत त्याने रथक्षोभ टाळावा असा तेथील आशय आहे. आपल्याकडे दुर्गम वाडीवरचा रुग्ण सकाळच्या गाडीने येतो, बस्ती घेतो आणि सायंकाळच्या मुक्कामी गाडीने परततो. म्हणजे ज्या दिवशी शास्त्राने वाहन वर्ज्य सांगितले त्याच दिवशी आपण त्यास घाटवळणांच्या रस्त्याने घरी पाठवितो. अनुवासनाचा स्नेह नऊ तासांपर्यंत आत राहू शकतो. तो मध्येच सुटू लागल्यास रुग्ण पुरीषवेगाचे धारण करीत बसतो. बस्तीचा अपेक्षित गुण तर येत नाहीच, वर आध्मान व शूल पदरी पडतात आणि दोष मात्र उपक्रमास दिला जातो.

यावर उपाय आहेत. बाहेरगावच्या रुग्णाची बस्ती सकाळी लवकर ठेवावी आणि प्रत्यागमन होऊन विश्रांती झाल्यावरच त्यास सोडावे. मात्राबस्तीची योजना शक्य तो मुक्कामाची सोय पाहून करावी. विरेचनाच्या दिवशी प्रवास सर्वथा टाळावा आणि शुद्धीनुसार तीन, पाच अथवा सात दिवसांच्या संसर्जन क्रमात लांबच्या प्रवासाची परवानगी देऊ नये. 'पुढील आठवड्यात गावची जत्रा आहे, त्याआधी पोट साफ करून द्या' अशी मागणी आल्यास जत्रा झाल्यावरची तारीख द्यावी.

गाडी लागणे

भोरहून वरंधा घाटाने महाडकडे उतरताना सशक्त माणसासही मळमळते. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट वारंवार बंद ठेवावा लागतो व प्रवास अन्य मार्गाने अधिक लांबतो. कानातील तोलाचे इंद्रिय 'हलतो आहोत' असे सांगते आणि गाडीच्या आतील स्थिर वस्तू पाहणारे डोळे 'स्थिर आहोत' असे सांगतात. या विसंगतीतून हृल्लास व छर्दी उत्पन्न होतात. म्हणून पुढील भागात बसावे, दृष्टी दूरच्या डोंगरावर ठेवावी, मोबाईलवर वाचू नये. उपाशीपोटी अथवा भरल्यापोटी न निघता हलका आहार घ्यावा. आलेपाक अथवा सुंठीचा तुकडा चघळणे हा सोपा व उपयुक्त उपाय आहे. छर्दीचा वेग आल्यास तो दाबू नये.

मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण

मधुमेही रुग्णाने नेहमीच्या वेळी इन्सुलिन टोचून घ्यावे आणि गाडीचा जेवणाचा थांबा दोन तासांनी यावा, हा प्रसंग संकटाचा होय. जेवण समोर आल्यावरच इन्सुलिन घ्यावे, असे स्पष्ट बजावावे. खिशात साखर अथवा ग्लुकोजची पुडी असावी. इन्सुलिनची कुपी डिकीत, टपावर अथवा उन्हाच्या खिडकीपाशी ठेवू नये, हातातील पिशवीत ठेवावी. औषधांची पिशवी नेहमी जवळच असावी, कारण सामान हरवले तर औषधही हरवते.

लघवीची गोळी घेणारे अनेक हृदयरुग्ण प्रवासाच्या दिवशी ती गोळीच चुकवितात व दुसऱ्या दिवशी श्वास घेऊन वैद्याकडे येतात. गोळी चुकवू नये. तिची वेळ पुढे-मागे कशी करावी हे प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

औषध दुकानदारांसाठी

प्रवासाच्या आदल्या दिवशी माणूस वैद्याकडे न जाता दुकानात जातो. म्हणून पुढील बाबी विक्रेत्यांनी विशेष ध्यानात घ्याव्यात.

१. ॲव्होमिनसारखी गोळी दोन वर्षांखालील बालकासाठी देऊ नये. ती झोप आणते, म्हणून चालकास देऊ नये. पौरुषग्रंथी वाढलेल्या वृद्धास तिने मूत्र पूर्णतः अडू शकते आणि धावत्या गाडीत झालेला मूत्राघात हा मोठाच प्रसंग ठरतो. 'लघवीला जोर करावा लागतो का?' एवढा एक प्रश्न विचारावा.

२. यात्रेपूर्वी पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या मागितल्या जातात. शरीरात या औषधाच्या काही अंशाचे इस्ट्रोजेन वर्गातील द्रव्यात रूपांतर होते आणि त्याने गुठळीचा धोका वाढतो. त्यात आठ-दहा तासांचा बसप्रवास व पाणी कमी पिणे यांची भर पडते. या गोळ्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. शेजारणीची चिठ्ठी ही चिठ्ठी नव्हे.

३. ओ.आर.एस.च्या नावाने मिळणारी सर्व पेये खरी नसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने फळांच्या व तत्सम पेयांवर 'ओ.आर.एस.' हा शब्द वापरण्यास मनाई केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असलेली पुडीच द्यावी आणि ती एक लिटर पाण्याची की २०० मिलिलिटरची, हे सांगूनच द्यावी.

४. प्रवासाच्या आदल्या रात्री एरंडतेल, तीव्र विरेचक चूर्ण वा नवे कोणतेही रेचक देऊ नये. नित्य घेणाऱ्यास त्याची नेहमीची मात्रा पुरेशी आहे.

५. गुठळी होऊ नये म्हणून केवळ प्रवासासाठी ॲस्पिरिन घेण्याची शिफारस केली जात नाही.

शिदोरी

आपल्या आजीच्या पिढीने प्रवासाला दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी अशी शिदोरी बांधली त्यामागे अनुभव होता. कमी ओलाव्याचे पदार्थ लवकर बिघडत नाहीत. ओले खोबरे घातलेले पदार्थ, उसळी, दहीभात व कापून ठेवलेली फळे उन्हाळ्यात बांधू नयेत. थांब्यावर खावयाचे झाल्यास समोर शिजलेले, गरम अन्न घ्यावे. क्षुधावेग अडवू नये, परंतु अजीर्णावर जेवूही नये.

वर सांगितलेल्या सर्व गोष्टींस महाग उपकरण अथवा दुर्मिळ औषध लागत नाही. केसपेपरवर आहार, निद्रा, मल, मूत्र यांच्या खाली 'प्रवास' अशी आणखी एक ओळ छापून घ्यावी आणि दवाखान्यात शिवणाची एक मोजपट्टी ठेवावी. आपल्या सभासदांनी एवढे जरी केले, तरी सुजलेल्या पायाला तेल लावण्यापूर्वी हात क्षणभर थांबेल. त्या एका क्षणाचे मोल रुग्णाच्या प्राणाएवढे असू शकते.